पहिली पंगत

महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाची यादी आमच्या घरात कधी कागदावर उतरली नव्हती. ती सासूबाईंच्या तोंडपाठ. आंबील, कढी, कटाची आमटी, सोळा भाज्या, चटण्या, कोशिंबिरी, पंचामृत, वडे, भजी, वडाभात, पुरणपोळी, खीर, आणि वर टांगलेला फुलोरा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. विदर्भात या मधल्या दिवसाला दिवाळीपेक्षा मोठा मान आहे. नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेली नागपूरची माणसं दिवाळीला येतील न येतील, महालक्ष्म्यांना येतातच.

यंदा मी ती यादी वहीत उतरवून काढली, आणि प्रत्येक पदार्थापुढे एकच प्रश्न लिहिला: यात गहू कुठून येऊ शकतो?

माझ्या मोठ्या नणंदेचा मुलगा पाचवीत आहे. त्याला सीलिॲक आहे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की त्याचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारी बारीक लव असते, ती झडते. मग पोर कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही. रक्त कमी, उंची वाढत नाही, पोट सतत दुखतं. ‘नाटकं करतो’, ‘शाळा टाळतो’ असं त्याला कितीतरी लोक म्हणाले. निदान व्हायला वर्षं गेली. औषध नाही. ग्लूटेन जन्मभर टाळणं हाच उपाय, आणि तो नीट पाळला तर आतडं पुन्हा सावरतं, लेकरू वाढायला लागतं.

हे गव्हामुळे होतं हे कळलं त्याची गोष्ट मला त्याच्या आईनं, म्हणजे ताईंनीच सांगितली. विलेम डिके नावाचे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिकडे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूला लोक भुकेनं खंगत होते, पण हा आजार असलेली मुलं मात्र त्या काळात सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. पुढे 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी लग्नात असे चार-पाच जण जेवून जात असणार, आणि त्यातल्या बहुतेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसणार.

ताई पुण्याला असतात. निदान झाल्यापासून त्या महालक्ष्म्यांना आल्याच नव्हत्या. आल्या तरी पोराचा डबा बरोबर आणणार, त्याला आतल्या खोलीत बसवून जेवू घालणार, आणि दर नव्या पाहुण्याला तेच पुन्हा समजावून सांगणार. लग्नामुंजीत मी हे पाहिलेलं आहे. सगळ्यांची ताटं मांडलेली, आणि हा भिंतीला टेकून स्टीलचा डबा उघडून बसलेला. कोणीतरी येऊन विचारतंच, ‘कायले रे, आमचं जेवण आवडत नाही का?’ तो काही बोलत नाही. आईकडे बघतो.

म्हणून मी ठरवलं की यंदा त्याचा डबा येऊ द्यायचा नाही, आणि त्याला वेगळं ताटही करायचं नाही. वेगळं ताट करणं सोपं असतं. यजमानाचं समाधान होतं, पाहुण्याचं पोट भरतं. पण त्या ताटाकडे सगळ्यांच्या नजरा जातात, आणि पाहुण्याला आपल्या आजाराचा हिशेब पुन्हा एकदा चारचौघांत द्यावा लागतो. मला त्याच्या पंगतीतल्या प्रत्येकाच्या ताटात तेच हवं होतं जे त्याच्या ताटात असेल.

यादी नीट वाचली तेव्हा धीर आला. आपला हा स्वयंपाक मुळात ज्वारी, तांदूळ आणि डाळींचा आहे. आंबील ज्वारीची. वडाभातातले वडे डाळींचे. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं. अनारसे तांदळाचे. सोळा भाज्या म्हणजे नुसत्या भाज्याच. आजेसासूबाईंच्या काळात रोज भाकर असायची आणि पोळी सणावाराची, असं आई सांगतात. म्हणजे गहू आपल्या ताटातला तसा उशिरा आलेला मानकरी आहे. उघड उघड गव्हाचे पदार्थ मोजकेच निघाले: पोळी, गव्हल्यांची खीर, फुलोऱ्यातल्या करंज्या आणि वेण्या-फण्या, आणि कुरडया. कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे आपण दरवर्षी उन्हाळ्यात हातानं चीक काढूनही विसरतो.

खरी अडचण लपलेल्या गव्हाची. पहिला लपलेला हिंगात.

हिंग म्हणजे एका झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. तो बहुतेक अफगाणिस्तान, इराणकडून येतो. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या थंड प्रदेशात त्याची लागवड करून बघायला 2020 मध्ये सुरुवात झाली. निव्वळ हिंग इतका उग्र असतो की तो तसा वापरता येत नाही. म्हणून डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. आपल्याकडची प्रत्येक फोडणी हिंगाची. म्हणजे वरण, कढी, आमटी, सोळा भाज्या, वडाभातावरचं तेल, सगळीकडे चिमूटभर गहू जाऊन बसलेला.

मी नागपूरच्या इतवारी बाजारात गेले. मसाल्याच्या दुकानात हिंगाच्या डब्या मागवून एकेक फिरवून मागचं वाचत बसले. दुकानदार आधी वैतागले, मग कारण कळल्यावर स्वतःच डब्या काढून देऊ लागले, चष्मा कपाळावरून खाली ओढून माझ्याबरोबर वाचू लागले. त्यांनी एक खडाही दाखवला. काळपट तांबूस, चिकट, आणि वास असा की बोटाला लागलेला संध्याकाळपर्यंत गेला नाही. पण खडा दिसला म्हणजे तो निव्वळच असेल असं नाही, बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळलेल्या हिंगाचेही खडे असतात, हे त्यांनीच सांगितलं. सुट्या मालाची खात्री कोण देणार? शेवटी तांदळाचं पीठ घातलेली, ग्लूटेन-फ्री असं स्पष्ट छापलेली एक बंद डबी मिळाली. पाकिटबंद मालावर गव्हासारख्या घटकाचा उल्लेख करणं आपल्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. एक किलोत 20 मिलिग्रॅम! हा आकडा मी पोळीच्या एका कपच्याशी ताडून पाहिला आणि मला ताईंची सगळी काळजी एकदम समजली. पोळीचा चुरा लागलेला डाव आमटीत बुडाला की ती आमटी त्याच्यासाठी संपली.

दुसरा लपलेला गहू चक्कीत. ज्वारीत गहू नसतो, पण चक्कीवर दिवसभर गहूच दळला जातो. आमच्या आधी कोणाचा तरी डबा लागलेला असतोच, आणि त्याचं पीठ जात्याच्या खाचांत, कापडी नळीत राहतं. विकतच्या बेसनाचंही तेच. म्हणून ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ अख्खी आणली, निवडून धुतली, गच्चीवर धुतलेल्या पातळावर वाळवली आणि घरीच मिक्सरमधून काढली. आंबिलीला तसंही फार बारीक पीठ लागत नाही. चाळायला घेतलं आणि हात थांबला, कारण चाळणी कणकेची. नवी चाळणी आणली. मग एकेक दिसायला लागलं. लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी डाव, भेगा पडलेला जुना तवा. फोडणीच्या मसाल्याच्या डब्यातला तो छोटा चमचा, जो आपण कणीक मळता मळता तशाच हातानं उचलतो. त्या डब्यातले मसाले बाजूला ठेवून एक नवा डबा भरला. गंज, पातेली, झारे स्टीलचे होते, ते घासून पुन्हा विसळून घेतले. अनारशांची काळजी नव्हती. त्यांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, फडक्यावर निथळवून आम्ही घरीच दळतो.

हे सगळं सासूबाईंना कसं सांगायचं याचा मला घोर होता. त्यांचं सोवळं कडक. त्या दिवशी त्यांच्या ओट्यापाशी मीही आंघोळ केल्याशिवाय जाऊ शकत नाही. मी हळूहळू सुरुवात केली: ग्लूटेन, आतडं, चुरा, डाव. त्यांनी मधेच थांबवलं.

‘म्हणजे नुसतं खायचं नाही असं नाही. शिवायचंही नाही.’

‘हो आई.’

‘आधी त्याचं करायचं, झाकून वर ठेवायचं, मग कणकेला हात. एका हातानं दोन्हीकडे जायचं नाही.’

‘हो.’

‘मग एवढं काय समजावून राहिली तू? मी जन्मभर हेच करून राहिली ना.’

डॉक्टरांनी ताईंना चार भेटींत समजावलेली गोष्ट त्यांनी चार वाक्यांत पकडली. उपासाच्या दिवशी साबुदाण्याला वेगळा झारा, भगरीला वेगळं पातेलं, खरकटा हात पाण्याच्या गुंडात घालायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात आहे. आमच्या पिढीनं ती सोडली, आणि बऱ्याच अंशी योग्य कारणांनी सोडली.

ते कारणही इथे लिहायला हवं. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात बसून सोवळ्याबद्दल कौतुकानं लिहिताना माझा हात अडखळतो. याच शिस्तीनं माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, पाण्यापासून लांब ठेवलं. मी सोवळं पाळत नाही आणि माझ्या मुलीला ते शिकवणार नाही. पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या बाईच्या हातात जी काटेकोर सवय आहे, ती यंदा एका लेकराला पंगतीत आणायला कामी येत होती. कोणाला दूर ठेवायचं म्हणून नव्हे, जवळ बसवता यावं म्हणून डाव वेगळा. मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि तो मी आईंना बोलूनही दाखवला. त्या काही म्हणाल्या नाहीत. सुपातल्या डाळीतले खडे निवडत राहिल्या.

मुख्य पेच पुरणपोळीचा होता. नैवेद्याला पोळी हवी म्हणजे हवी, त्यावर चर्चा नाही. मला ज्वारीची किंवा तांदळाची पुरणपोळी करून बघावी असं बऱ्याच जणींनी सुचवलं. ताईंनी ती घरी केलेली आहे. उकड काढून, दोन कागदांत थापून, तुटू न देता उलटायची. मला ते पटलं नाही. पोळीसारखं दिसणारं काहीतरी त्याच्या ताटात घालायचं म्हणजे त्याला पुन्हा आठवण करून द्यायची की खरी गोष्ट शेजारच्या ताटात आहे. त्यापेक्षा जो पदार्थ मुळातच पूर्ण आहे तो वाढावा. गरम पुरणाची मूद आणि वर साजूक तुपाची धार हे कमी आहे का? आमच्याकडे पोळी करता करता पुरण चोरून खाणारी मुलं प्रत्येक पिढीत झाली आहेत.

मग क्रम ठरला. पहाटे उठून आधी सगळा बिनगव्हाचा स्वयंपाक. पुरण शिजवून, जायफळ-वेलची घालून वाटून झालं की पंगतीचं काढून झाकून देवघरापलीकडच्या खोलीत. तळण नव्या तेलात: आधी वडे, मग भजी, मग अनारसे. त्यातलं तेल वडाभातासाठी काढून घेतल्यावरच कुरडया. खीर तांदळाची. पोळ्या मागच्या अंगणात, दुसऱ्या शेगडीवर, कारण कणीक हवेत उडते आणि बसेल तिथे बसते. ते काम जाऊबाईंनी घेतलं आणि पोळ्या होईपर्यंत त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. पाणीसुद्धा खिडकीतून मागितलं. पुरण त्यांना वेगळ्या पातेल्यात दिलं, ते पातेलं परत आत आलं नाही.

नैवेद्य दाखवला. देवीपुढच्या ताटात पोळ्या होत्या. आरती झाली. पहिली पंगत मुलांची आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांची, आणि या पंगतीत पोळी नाही, करंजी नाही, कुरडई नाही. दुसऱ्या पंगतीला सवाष्णी आणि घरची मंडळी, त्यांना पोळ्या. काकांचा चेहरा पडला. ते पहिल्या पंगतीला बसायचे दरवर्षीचे मानकरी. त्यांना सांगितलं, पोळी हवी तर दुसऱ्या पंगतीला बसा. ते जरा वेळ उभे राहिले आणि मग पहिल्याच पंगतीत, भाच्याच्या शेजारी जाऊन बसले.

भाचा पाटावर बसला होता, पण हात मांडीवर. आधी विचारल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. मी आंबील वाढत होते. पांढुरकी, घट्टसर, ओल्या खोबऱ्याचे काप वर आलेले.

‘मामी, यातलं मला कोणकोणतं चालतं?’

‘सगळं.’

त्यानं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. हिंगाची डबी, डाळीचं पीठ, तेल, सगळं त्यांनी आदल्या रात्रीच स्वतः तपासलं होतं. मी तपासायला लावलं होतं. पाहुण्यानं यजमानावर विश्वास टाकावा अशी अपेक्षा आपण फार करतो. मला वाटतं अशा आजारात डबी हातात देऊन ‘तुम्ही वाचा’ म्हणणं हाच खरा पाहुणचार आहे. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

तो जेवला. वडाभातावर फोडणीचं तेल दोनदा घेतलं, गिलक्याची भाजी काढून ठेवली. ती काढून ठेवलेली पाहून ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आवडत नाही म्हणून पानात टाकायची चैन त्याला बाहेर कधी मिळालीच नव्हती. बाहेर जे चालतं ते खायचं, एवढंच.

मधे एक प्रसंग झाला. नात्यातल्या एक आजी फुलोऱ्यातली करंजी तोडून त्याच्या पानाशी घेऊन आल्या. ‘एवढासा तुकडा घे रे बापा, देवीचा प्रसाद आहे. प्रसादानं काही होत नाही.’ त्यांच्या मनात मायाच होती. अशा वेळी मायेला नाही म्हणणं सर्वांत कठीण जातं. ताई आजवर इथेच एकट्या पडत आल्या आहेत. त्यांनी काही बोलायच्या आत सासूबाई आतून आल्या आणि आजींचा हात त्यांनी मनगटाशी धरला. ‘पुरण हाच त्याचा प्रसाद. मी दाखवलाय नैवेद्य. देवी काय लेकराला आजारी पाडायला येते?’ आजींनी करंजी मागे घेतली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हातही आधी धुवा, असं म्हणावंसं मला वाटलं. म्हटलं नाही. त्याचे केस त्याच्या तोंडात जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझी वही मागून घेतली आणि पाना-पानाचे फोटो काढले. दिवाळीच्या फराळाचं त्यांनी लगेच सुरू केलं. चिवडा, बेसनाचे लाडू, अनारसे हे सरळ. चकलीच्या भाजणीत काही घरांत मूठभर गहू पडतो तेवढा विचारून घ्यायचा. शंकरपाळे आणि करंज्या मात्र वेगळ्या दिवशी, सगळ्यात शेवटी, फराळाचे बाकीचे डबे बंद करून.

डिसेंबरात दिराच्या मुलीचं लग्न आहे. घरचा ओटा नाही, मंगल कार्यालय आहे. शंभर हात आणि एकच मोठी कढई. केटररशी मी बोलले. हिंग कोणता वापरता, हा प्रश्न त्यांना नवा होता, पण त्यांनी फोन ठेवला नाही. आचाऱ्याचा नंबर दिलाय. वडाभातासाठी नवं तेल आणि वेगळी कढई देता येईल का, ज्वारीचं पीठ आम्ही घरून दिलं तर भाकरी पोळ्यांच्या शेगडीपासून लांब थापता येतील का, आणि आमटीचा डाव सांभाळायला एक माणूस शेवटपर्यंत तिथेच उभा राहील का, एवढं त्यांना विचारायचं आहे. ताईंना अजून काही सांगितलेलं नाही. आधी उत्तरं येऊ देत.